कव्हर

रवळूकाका बोटीवरनं सुट्टीला आला
तेव्हा ट्रंकेत घड्याळं नव्हती, सेंट नव्हतं.
खाकी कागदात गुंडाळलेली एक तबकडी होती.
हॅम्बुर्ग की रॉटरडॅम, त्याला आठवेना.
दुकानदाराने टेबलाखालून काढून दिली,
अर्ध्या किमतीत.
तिकडे म्हणे या चित्रावरनं गहजब झालेला,
पाद्री बोलले, पेपरांत आलं,
कंपनीने घाईने दुसरं कव्हर छापलं, नुसतं निळं.
काकाला हे जुनंच हवं होतं.

तबकडी वाजवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.
अख्ख्या सर्जेकोटात नव्हतं.
म्हणून आम्ही ती गाणी
बघितली.

पाणी. बंदरातलं, हिरवट, तेलाचा तवंग आलेलं.
त्यात पालथा एक माणूस, नागडा,
हात दोन्ही बाजूंना पसरलेले,
आणि पाठीवर
कपबशी.
भरलेली. थेंबही न सांडलेली.

पास्कू दोन वेळा बघून गेला,
मग म्हणाला, ही कुर्साची थट्टा,
आणि आमच्या पडवीत यायचा बंद झाला.
पेडणेकर गुरुजींनी काही न बोलता
खिशातनं वहीचं लेबल काढलं, जिभेवर ओलं केलं,
आणि नको तिथे चिकटवलं.
नाव, इयत्ता, विषय.
तिन्ही ओळी कोऱ्या.

आम्ही पोरं त्या लेबलाला जास्त हसलो.

सतूबाय खोबरेकरीण मीठ मागायला आली होती.
तिच्या घोवाची होडी निवतीच्या दगडांवर मिळाली होती,
तो नाही.
तीन वर्षं ती हिरवा चुडा भरत होती
आणि कासारसुद्धा पैसे घ्यायला लाजत होता.
मिठाची वाटी तशीच हातात धरून
ती कव्हरापाशी बसली.
नखाने लेबल सोडवलं,
सावकाश, खपली काढावी तसं.

'ह्यो माझो घोव.'

आई म्हणाली, अगो, तो गोरो साहेब.
'पाण्यात धा दिवस ऱ्हवलो
काय कोण पण गोरो होता.'
आई म्हणाली, चेहरो खंय दिसता?
'ही पाठ मी चोळून धुतलंय.
माका चेहरो कित्याक होयो?'
मग थोड्या वेळाने, कोणाकडेच न बघता,
'तो कप काढा रे कोणतरी.
पोळता असात तेका.'

भटजी दर्भाचा पुतळा करायला तयार होते,
रीत तीच.
तिने पदराखालनं कव्हर काढून पुढे केलं.
भटजींनी ते उलटंसुलटं केलं,
मागे काट्याकुट्यांसारखी इंग्रजी अक्षरं,
चार केसाळ पोरांचे फोटो.
बराच वेळ खाडीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, गोत्र सांग.

पुठ्ठा चांगला होता, परदेशी. लवकर पेटेना.
रवळूकाकाने स्वतः रॉकेल ओतलं.
त्याचे अडीच महिन्यांचे चहा-सिगरेटचे पैसे होते ते,
हे त्याने सुट्टी संपेपर्यंत काढलं नाही,
नंतरही नाही.
चुडा तिने घाटाच्या पायरीवर फोडला,
एका हाताचा, मग दुसऱ्या.

तबकडी राहिली, उघडीवाघडी.
काही वर्षं घागरीवर झाकण म्हणून होती.
मी ती ऐकली कुडाळला, एका मित्राकडे,
माझेही केस पिकायला लागल्यावर.
वाळूने ओरखडलेली. एकच ओळ मिळाली,
सुई तिथून पुढे जाईना.
कोणीतरी ओरडत होता, काय ते कळलं नाही,
मागनं गिटारी, दर्यावर पालव फाटताना होतो तसला आवाज.
मित्र म्हणाला, बंद करू?
मी म्हटलं, असू दे जरा.

त्या माणसाचा विचार येतो मला कधी कधी.
मॉडेल असणार, दिवसाच्या बोलीवर.
फोटोवाल्याने हलू नको म्हटलं, तो हलला नाही.
मग त्याला वर ओढला असेल, टॉवेल दिला असेल,
कुडकुडत त्याने बहुतेक तोच चहा प्यायला असेल, गार झालेला,
आणि ट्रामने घरी.
असेल अजून कुठेतरी, म्हातारा, गुडघे धरून.

त्याला काय ठाऊक,
कोळंबच्या खाडीवर त्याचं दहावं झालं
आणि कावळा
पहिल्या हाकेला शिवला.